सिंथला बोलायला लावायचंय? टॉकबॉक्स प्लगिन पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

टॉकबॉक्स प्लगिन डाउनलोड केलं, आपल्या आवाजाच्या ट्रॅकवर टाकलं, सगळे नॉब इकडून तिकडे फिरवले, धड काहीच झालं नाही आणि वैतागून डिलीट केलं, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं असं दोनदा झालंय. तिसऱ्यांदा कळलं की प्लगिन ठणठणीत होतं, मीच त्याला अर्ध्या ताटावर बसवलं होतं. याला दोन आवाज लागतात, एक शब्द देणारा (तुमचं बोलणं) आणि एक सूर देणारा (सिंथ, म्हणजे सिंथेसायझर). रिव्हर्ब (घुमारा) किंवा डिले (प्रतिध्वनी) कसं एका ट्रॅकवर टाकलं की काम सुरू, तसं इथे चालत नाही.

आधी खरा टॉकबॉक्स काय असतो ते थोडं बघू, कारण ते डोळ्यासमोर असलं की प्लगिनचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. एक डबा आणि एक प्लास्टिकची नळी, बस. डब्यात ताकदवान ड्रायव्हर (स्पीकरचा आवाज काढणारा भाग) असतो, गिटारचा किंवा कीबोर्डचा मोठा केलेला आवाज त्यातून नळीत जातो, नळीचं दुसरं टोक वाजवणाऱ्याच्या तोंडात आणि तोंडासमोर माइक. वाजवणारा गळ्यातून आवाज काढतच नाही हं, नुसते ओठ, जीभ आणि जबडा हलवतो, परीक्षेत मागच्या बाकावरच्याला बिनआवाजाचं उत्तर सांगतात ना, अगदी तसं. सूर सिंथचा आणि तोंड माणसाचं.

साउंड इंजिनिअर बॉब हाईल यांनी १९७३ मध्ये गिटारिस्ट जो वॉल्श यांच्यासाठी मोठ्या स्टेजवर टिकेल असा दणकट टॉकबॉक्स बनवला, १९७६ च्या लाइव्ह अल्बममधून गिटारिस्ट पीटर फ्रॅम्प्टन यांनी तो घराघरात पोचवला, आणि मग अमेरिकेतल्या ओहायोच्या झॅप बँडचे रॉजर ट्राउटमन यांनी त्याच नळीत सिंथ घातला. आज आपण टॉकबॉक्स म्हटल्यावर डोक्यात जो गोड, घसरत जाणारा, लोण्यासारखा आवाज येतो तो बहुतेक वेळा ट्राउटमन यांचा असतो. यामाहा डीएक्स १०० हा छोट्या कीजवाला, दिसायला खेळण्यासारखा कीबोर्ड त्यांच्यामुळेच टॉकबॉक्सवाल्यांमध्ये इतका फेमस झाला.

टॉकबॉक्सशी ज्याची गल्लत होते तो वोकोडर वेगळा. तो अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत होमर डडली यांनी १९३० च्या दशकात टेलिफोनच्या कामासाठी काढलेला, आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते मोजतो आणि सिंथच्या त्या त्या पट्ट्याला तेवढाच जोर देतो. पट्टे कमी असले की तो टिपिकल रोबो ऐकू येतो. टॉकबॉक्स जास्त ओला, जास्त माणसासारखा वाटतो कारण तिथे फिल्टर म्हणजे खरंच एक तोंड असतं.

मग प्लगिनमध्ये तोंड कुठून आणायचं? मी जे वापरते ते एमडीए टॉकबॉक्स, पॉल केलेट यांनी लिहिलेलं, फुकट आणि ओपन सोर्स, दिसायला इतकं साधं की काही सॉफ्टवेअरमध्ये फक्त चार स्लायडर दिसतात. ते आवाजाचे बारीक बारीक तुकडे घेतं आणि गणिताने अंदाज काढतं की या क्षणी बोलणाऱ्याच्या तोंडाचा आकार कसा असेल, आणि मग तोच आकार फिल्टर म्हणून सिंथवर चढवतं. या गणिताला लिनिअर प्रेडिक्शन म्हणतात. १९७८ चं स्पीक अँड स्पेल नावाचं बोलणारं खेळणं याच तंत्रावर चालायचं, आणि जुने जीएसएम मोबाईल आपला आवाज दाबून पाठवायचे तेही याच कुळातलं.

आता सेटअप. मी रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सांगते कारण तो साठ दिवस फुकट वापरून बघता येतो आणि सिंथ म्हणून व्हायटल, त्याचीही फुकट आवृत्ती आहे. पण पुढे येणारी पॅनची, म्हणजे आवाज डावीउजवीकडे सरकवायची, युक्ती जवळपास कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते.

तीन ट्रॅक करा. पहिल्याला नाव द्या 'तोंड', दुसऱ्याला 'सूर', तिसऱ्याला 'टॉकबॉक्स'. (नावं द्याच, रात्री दोन वाजता ट्रॅक ७ आणि ट्रॅक ८ मध्ये काय होतं ते आठवत नसतं.) 'तोंड' आणि 'सूर' हे दोन्ही ट्रॅक 'टॉकबॉक्स' या ट्रॅकमध्ये पाठवा आणि त्यांचं मास्टरला (सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात तिथे) थेट जाणं बंद करा, रीपरमध्ये सरळ फोल्डर केला तरी हेच होतं. आता 'तोंड' पूर्ण डावीकडे पॅन करा आणि 'सूर' पूर्ण उजवीकडे. शेवटी 'टॉकबॉक्स' ट्रॅकवर प्लगिन टाका. झालं, कारण हे प्लगिन डाव्या कानात एक आवाज आणि उजव्या कानात दुसरा असंच मागतं.

यात लोक एका जागी हमखास अडकतात. सिंथचा आवाज जर रुंद स्टिरिओ असेल, म्हणजे युनिसन, कोरस वगैरे आवाज पसरवणारे इफेक्ट लावून, तर उजवीकडे पॅन केल्यावर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याची डावी बाजू नुसती गप्प होते आणि अर्धा आवाज गायब होतो. म्हणून सिंथ मोनो ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. रुंदी नंतर देता येते.

प्लगिनमध्ये वेट (बदललेला आवाज) पूर्ण वर, ड्राय (मूळ आवाज) शून्यावर, क्वालिटी पूर्ण वर. कॅरिअर नावाचा जो नॉब आहे तो फक्त एवढंच ठरवतो की सूर डावीकडून येतोय का उजवीकडून. ऐकताना सगळं उलटंपालटं वाटलं, म्हणजे तुमच्याच आवाजाच्या सुरात काहीतरी घरघरतंय असं, तर तो नॉब दुसऱ्या टोकाला न्या. क्वालिटी मुद्दाम खाली आणली तर तो जुन्या बोलणाऱ्या खेळण्यासारखा खरखरीत आवाज येतो, कधीतरी मजा म्हणून छान आहे, पण शिकताना वरच ठेवा.

दुसरं सॉफ्टवेअर आणि त्यातलंच वोकोडर वापरणार असाल तर: एबलटनमध्ये वोकोडर आवाजाच्या ट्रॅकवर बसतो आणि कॅरिअर एक्स्टर्नल करून सिंथचा ट्रॅक निवडायचा, लॉजिकमध्ये उलटं, ईव्हीओसी २० हा सिंथच्या ट्रॅकवर बसतो आणि साइडचेनमध्ये (प्लगिनला दुसऱ्या ट्रॅकचा आवाज द्यायच्या जागी) आवाज निवडायचा. पट्ट्यांचा नॉब असेल तर पट्टे वाढवा म्हणजे आवाज टॉकबॉक्सच्या जवळ सरकतो. पुढचं सगळं तिकडेही लागू.

पहिला शब्द: आई

गाणं वगैरे लगेच नको. सिंथवर एक लांब नोट धरून ठेवा आणि माइकमध्ये 'आ ई आ ई आ ई' म्हणा, सावकाश, तोंड भरपूर उघडून. आपल्या वर्णमालेतले हे दोन स्वर टेस्टसाठी देवाने दिल्यासारखे आहेत. प्रत्येक स्वरात तोंडाची पोकळी दोनतीन ठिकाणी जास्त घुमते, त्या जागांना फॉर्मंट म्हणतात. पुरुषी आवाजात 'आ' चे पहिले दोन साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे जवळ जवळ बसलेले, आणि 'ई' चे साधारण ३०० आणि २३००, म्हणजे दोघं घराच्या दोन टोकांना. 'आ' वरून 'ई' वर जाताना दुसरा फॉर्मंट झपकन वर चढतो आणि तोच तो 'वाव' असा ओला आवाज, टॉकबॉक्सची अख्खी जादू म्हणजे ही चढउतार. 'आई' स्पष्ट ऐकू आलं तर सेटअप बरोबर आहे असं समजा. आलं नाही तर नॉबना हात लावू नका, दहातले नऊ वेळा घोळ सिंथमध्ये असतो.

सूर कसा असावा

घोळ सिंथमध्ये असतो कारण फिल्टर फक्त कापतो, नसलेलं तयार करत नाही. 'ई' साठी २३०० हर्ट्झपाशी काहीतरी हवं असेल तर सिंथमध्ये तिथे आधीच काहीतरी वाजत असायला पाहिजे. साइन वेव्ह लावून बघा, कितीही ओरडा, एक शब्द उमटणार नाही, कारण साइनमध्ये एकच फ्रिक्वेन्सी असते. म्हणून सॉ वेव्ह घ्या, त्यात सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) असतात, सिंथचा स्वतःचा लो-पास फिल्टर (वरचं कापणारा) पूर्ण उघडा किंवा बंदच करा. नुसता ऐकला तर हा आवाज कानाला बोचेल, डासासारखा, तसाच पाहिजे. सुरुवातीला मी मऊ मऊ पॅड लावायचे कारण ते एकटं छान वाटायचं, आणि मग बाहेर यायचं ते उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं.

दुसरी गोष्ट पट्टीची. खाली वाजवा. पेटीच्या भाषेत खालच्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ११० हर्ट्झचा ए धरला तर सॉ वेव्हमध्ये दर ११० हर्ट्झला एक हार्मोनिक मिळतो, ११०, २२०, ३३० असं दाट कुंपण, त्यावर तोंडाचा आकार नीट उमटतो. तोच ए दोन सप्तकं वर नेला की ४४०, ८८०, १३२०, मध्ये नुसती मोकळी जागा, आणि 'ई' चा पहिला फॉर्मंट तर ३०० ला, म्हणजे पहिल्या हार्मोनिकच्याही खाली! म्हणून वर गेलं की सगळे स्वर एकसारखेच ऐकू येतात. प्लगिनचा दोष नाही, अगदी वरच्या सुरात गाणाऱ्यांचे शब्दसुद्धा याच कारणाने नीट कळत नाहीत. नवीन असाल तर ११० ते २२० च्या आसपास खेळा.

आणि ग्लाइड. व्हायटलमध्ये व्हॉइसेस १ करा (एका वेळी एकच नोट), लेगाटो (नोटा जोडून वाजवणं) चालू करा, ग्लाइड थोडासा, साधारण ५० ते ८० मिलिसेकंद. मिडीमध्ये (सिंथला काय वाजवायचं ते सांगणाऱ्या नोटांमध्ये) एक नोट संपायच्या आत दुसरी सुरू करा म्हणजे सूर घसरत जातो, आपल्याकडे मींड घेतात तशी. ज्यांचे कान गाण्याने तयार झालेत त्यांना हे पटकन जमतं, उलट पियानो शिकलेले लोक प्रत्येक नोट सुटी सुटी वाजवतात आणि मग तो आवाज टाइपरायटरवर बोलल्यासारखा येतो (पियानोवाल्यांनो रागावू नका, मीही तिकडचीच).

सूर अखंड ठेवा हेही याच ओघात सांगते. पूर्ण ओळभर सिंथ वाजत राहू दे, कुठे बोलायचं आणि कुठे थांबायचं ते आवाजालाच ठरवू दे. कारण व्यंजन बहुतेक वेळा स्वराच्या आधी येतं. 'ता' म्हणताना 'त' ठोक्याच्या जरा आधी पडतो आणि 'आ' ठोक्यावर, त्यामुळे मिडी नोट जर बरोब्बर ठोक्यावर सुरू झाली तर 'त' आला तेव्हा सिंथ झोपलेला, फिल्टरला कापायला काहीच नाही, आणि ऐकणाऱ्याला नुसता 'आ'. नोट सुटीच ठेवायची असेल तर ३०-४० मिलिसेकंद आधी सरकवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी उगाच महिनाभर माइक बदलायचा विचार करत होते.

आवाज रेकॉर्ड करताना

गाऊ नका, बोला. प्लगिन तुमच्या आवाजातून फक्त आकार घेतं, तुम्ही कुठल्या सुरात आहात याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणजे बेसूर माणसांसाठी हे वरदानच आहे. उलट खालच्या, सपाट आवाजात बोललं तर गणित जास्त नीट बसतं, वरच्या पट्टीत किंचाळलं की अंदाज चुकायला लागतो. ताल मात्र तुमचाच लागणार, तो कुणी उधार देत नाही. उच्चार अति करायचे, लहान मुलाला शब्द शिकवताना आपण करतो तसे, आरशासमोर करून बघा, स्वतःचं हसू आलं पाहिजे एवढे.

माइक तोंडापासून वीतभर किंवा त्याहून जवळ, पॉप फिल्टर लावा. पंखा बंद. हो, उकडतं, माहितेय. पण हे प्लगिन माइकमध्ये जे काही येईल त्याला बोलणं समजतं. माझ्या एका टेकमध्ये दोन ओळींच्या मधल्या शांततेत सिंथ अचानक 'ईईईई' करून ओरडला, चार वेळा ऐकल्यावर उलगडा झाला की ती शेजारच्या कुकरची शिट्टी होती, सुरात बसवलेली. (ठेवायला हवी होती खरं तर.) म्हणून आवाजाच्या ट्रॅकवर आधी नॉइज गेट (शांततेतले बारीक आवाज बंद करणारा), मग १०० हर्ट्झच्या खालचं कापा, मग कॉम्प्रेसर जरा सढळ हाताने, चारास एक रेशो आणि ६-८ डीबी दाब, म्हणजे प्रत्येक अक्षर साधारण सारख्या जोराने प्लगिनकडे जातं. रिव्हर्ब इथे अजिबात नको, रिव्हर्ब म्हणजे एका अक्षरावर दुसऱ्याची सावली, आणि मग प्लगिनला दोन तोंडं एकदम दिसतात. दोन्ही ट्रॅकचे पीक उणे १२ डीबीच्या आसपास ठेवले की पुरे.

मराठी शब्द निवडताना

इंग्रजी ओळींवर केलेले व्हिडिओ बघून आपण करायला जातो आणि मराठी ओळ अडखळते, त्यात आपली चूक नसते. ज्या ओळीत लांब स्वर आणि य, र, ल, व आहेत ती वाहते. 'वारा आला रे', 'ये ना राया', 'आलो आलो आलो' असलं काहीही टाका, पहिल्याच टेकला छान वाटेल. आता 'स्वच्छ शिस्तीत बस' टाकून बघा, सगळी फुसफुस. स, श, छ, ख, फ यांच्यात सूर नसतो, नुसती हवा असते, आणि सॉ वेव्हमध्ये हवा नसते. 'खाली' आणि 'काली' मधला फरक तर जवळपास पुसलाच जातो.

म, न, ण यांचंही असंच. हे अनुनासिक उच्चार करताना आवाज नाकातून जातो, आणि लिनिअर प्रेडिक्शनचं साधं गणित तोंडाची एकच नळी धरून चालतं, नाकाचा फाटा त्यात नीट बसत नाही. परिणाम असा की 'पाणी' आणि 'पानी' टॉकबॉक्समधून जवळपास एकच. न आणि ण वरून आयुष्यभर लोकांना टोकणाऱ्या मंडळींना हे प्लगिन जरूर ऐकवा.

नाकातल्या उच्चारांचं सोडा, फुसफुशीवर मात्र दोन उपाय आहेत. एक, सिंथमध्ये थोडा व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींची खरखर) मिसळा, अगदी थोडा, म्हणजे स आणि श ला कापायला काहीतरी कापड मिळतं. जास्त झाला तर स्वरसुद्धा घोगरे होतात, त्यामुळे ऐकत ऐकत. दोन, आणि मला हा जास्त आवडतो, 'तोंड' ट्रॅकची कॉपी करा, तिचं पॅन मध्ये आणा, ती टॉकबॉक्सला पाठवू नका, तिच्यावर हाय-पास लावून ४-५ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उडवा आणि उरलेली फुसफुस टॉकबॉक्सच्या आवाजाखाली हळूच सरकवा. एकटी ऐकली तर चिमणी कागद फाडतेय असं वाटेल, मिक्समध्ये मात्र शब्द एकदम उघडतात. पण फार स्वच्छ करायच्या मागे लागू नका, खऱ्या नळीतून येणारा 'स' सुद्धा बोबडाच असतो आणि त्या बोबडेपणातच निम्मा गोडवा आहे.

नंतरची सजावट

प्लगिनमधून बाहेर येणारा आवाज जरा जास्तच धुतलेला असतो, खऱ्या नळीची आणि ड्रायव्हरची मळकट चव त्यात नसते. ती आणायला १५० च्या खालचं आणि ६-७ हजारच्या वरचं कापा, दीड ते अडीच हजारच्या मध्ये कुठेतरी दोनतीन डीबी उचला, मग थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट. 'टॉकबॉक्स' ट्रॅकचा आवाज साधारण मधोमध, मोनोच येतो, त्याला रुंद करायचं तर छोटा डिले किंवा कोरस आता लावा. रिव्हर्बही आत्ता, तोही जपून.

हार्मनी हवी असेल तर सिंथवर कॉर्ड दाबायचा मोह होतो, दाबा, ऐका, आणि मग अनडू करा. तीन सूर एकदम आले की हार्मोनिकची गर्दी होते आणि शब्द चिखलात जातो. त्यापेक्षा प्रत्येक सुराचा वेगळा थर करा, आणि प्रत्येक थराला 'तोंड' पुन्हा रेकॉर्ड करा, तीच फाइल तीनदा वापरू नका. दर वेळी बोलण्यात जो बारीकसा फरक पडतो त्यानेच तो थर जिवंत वाटतो. खालचा सूर मध्ये, वरचे दोन डावीउजवीकडे, आणि फुसफुशीची ती कॉपी फक्त मधल्या थराला, नाहीतर तीन तीन 'स' एकमेकांच्या मागे धावतात.

लाइव्ह करायचं असेल, म्हणजे एका हाताने वाजवत तोंडाने बोलायचं, तर बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो एक बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो, जाण्यायेण्याचा वेळ धरूनही बहुतेक लॅपटॉपवर निभतं. कडकड आवाज यायला लागला तर २५६. विंडोजवर असाल तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (तो डबा चालवणारं सॉफ्टवेअर) निवडलाय ना ते बघा. आणि हेडफोन घाला, कारण स्पीकर चालू असला की सिंथचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि प्लगिन बिचारं सिंथकडूनच बोलायला शिकत बसतं.